चकाकणारं हिमॅग्लुटिनिन: टॅग लावलेल्या इन्फ्लुएन्झा प्रथिनाचं प्लास्मिड, मागणीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

इन्फ्लुएन्झा विषाणूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एचए, एखाद्या चकाकणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे टॅगला (ईजीएफपी हे हिरवं जीएफपी किंवा डेंड्रा२), जोडून सस्तन प्राण्यांच्या पेशींत व्यक्त करायचं, म्हणजे तयार करवून घ्यायचं, एवढंच हे काम. त्यासाठी त्याचं जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात बसवलेलं असतं. पेशीपटलावर प्रथिनं कशी गोळा होतात, गॉल्जीतून (पेशीतल्या प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या भागातून) बाहेर कशी येतात, याच्या अभ्यासासाठी एचए हे जुनं आणि लाडकं उदाहरण आहे. मेन विद्यापीठातल्या सॅम्युएल हेस यांच्या गटाने २००७ साली अशाच टॅग लावलेल्या एचएचे पुंजके जिवंत पेशींच्या पटलावर ४० नॅनोमीटर इतक्या बारकाईने दाखवले होते.

हा लेख एमएस्सीच्या प्रकल्पाला लागलेल्या किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असलेल्या वाचकासाठी आहे. प्लास्मिड हातात येणं हा सोपा भाग. पेशी हिरव्या दिसल्या की काम झालं असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. हिरवा रंग फक्त टॅगची घडी नीट पडल्याचं सांगतो. एचए पृष्ठभागावर पोहोचलं की नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

१. नावाने फसू नका

प्लास्मिडच्या भांडारात ‘एचए-जीएफपी’ असा शोध घेतला की शेकडो नोंदी येतात. त्यातल्या बहुतेकांचा तुमच्या कामाशी काही संबंध नसतो. तिथलं ‘एचए’ म्हणजे अँटिबॉडीने ओळखण्यासाठी जोडलेला ९ अमिनो आम्लांचा एपिटोप टॅग. हा टॅग मुळात एच३ प्रकारच्या हिमॅग्लुटिनिनमधूनच, ९८ ते १०६ या क्रमांकांच्या तुकड्यातून, घेतला आहे. त्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. शोधताना ‘हिमॅग्लुटिनिन’ हा पूर्ण शब्द घाला आणि नोंदीत जनुकाची लांबी बघा. पूर्ण एचएचं जनुक साधारण १.७ किलोबेस असतं, एपिटोप टॅग फक्त २७ बेसचा.

याच कारणाने सहकाऱ्याच्या फ्रीजमधली ‘अँटी-एचए’ लिहिलेली अँटिबॉडी न विचारता वापरू नका. ती बहुधा एपिटोप टॅगविरुद्धची असते. तुमचं एचए एच१ प्रकारचं असेल तर ती काहीच पकडणार नाही.

काही प्लास्मिडं विषाणू नव्याने तयार करण्याच्या पद्धतीसाठी बांधलेली असतात. ती या लेखाच्या कक्षेत येत नाहीत आणि त्यांच्या परवानग्याही वेगळ्या. तुम्हाला हवं आहे ते साधं अभिव्यक्ती प्लास्मिड: जनुक चालू करणारा सीएमव्ही प्रमोटर, त्यापुढे एचए, त्याला जोडलेला टॅग आणि शेवटी पॉली-ए संकेत. इन्फ्लुएन्झा ए विषाणूच्या जनुकसंचाचे ८ तुकडे असतात. त्यातल्या एकाच तुकड्याचं प्रथिन इथे तयार होतं, त्यामुळे या प्लास्मिडमधून विषाणू निघत नाही. अर्जात हे वाक्य स्पष्ट लिहा, पुढे उपयोगी पडेल.

२. टॅग कुठल्या टोकाला आहे ते आधी पाहा

या लेखातली एकच पायरी नीट करायची असेल तर ही करा. प्रायमर, अँटिबॉडी, वेस्टर्नवरचे (अँटिबॉडीने प्रथिनं दाखवणाऱ्या जेल चाचणीवरचे) बँड, पीएचचे प्रयोग, सगळं यावर ठरतं.

एचए हे पटलातून एकदाच आरपार जाणारं प्रथिन आहे. एन-टोकाला १६-१७ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड असतो आणि तो ईआरमध्ये (पेशीत प्रथिनांची घडी पडते त्या जाळ्यात) शिरतानाच कापला जातो. मधला मोठा भाग पेशीबाहेर राहतो. सी-टोकाची १०-११ अमिनो आम्लांची छोटी शेपूट पेशीद्रवात असते. अशी तीन एचए मिळून एक त्रिक बनतं.

टॅग सी-टोकाला असेल तर तो पेशीच्या आत राहतो. बहुतेकांसाठी हीच सोयीची रचना. मात्र शेपटीत आणि तिच्या लगत पामिटिक आम्ल जोडलं जाणारे ३ सिस्टीन असतात, आणि पटलातल्या मांडणीत त्यांचा वाटा आहे. म्हणून एचए आणि टॅग यांच्यामध्ये काही अमिनो आम्लांचा लवचिक दुवा आहे का ते पाहा आणि टॅग नसलेलं एचए नियंत्रण म्हणून जवळ ठेवा.

एन-टोकाला असेल तर टॅग सिग्नल पेप्टाइडच्या नंतर घातलेला असायला हवा. सिग्नलच्या आधी जोडला असेल तर ते प्लास्मिड सोडून द्या, प्रथिन ईआरमध्ये नीट शिरणार नाही. शिवाय हा टॅग पेशीबाहेर येतो. एचएच्या पटलमिलनासाठी माध्यम पीएच ५ च्या आसपास आणलं की ईजीएफपीची चकाकी विझते, कारण त्याचा पीकेए (ज्या पीएचला चकाकी निम्मी होते तो) ६ च्या जवळ आहे. डेंड्रा२ तर त्याहून संवेदनशील. विद्यार्थी याला प्रथिन नष्ट झालं असं समजतात. पीएच पुन्हा ७.४ करा, चकाकी परत येते.

प्लास्मिडच्या नावातला क्रम पुरावा धरू नका. ‘डेंड्रा२-एचए’ अशा नावात टॅग आधी लिहिला म्हणजे तो एन-टोकाला आहे असं नसतं. पूर्ण अनुक्रमाची फाइल उतरवून घ्या, स्नॅपजीन व्ह्यूअर किंवा बेंचलिंगमध्ये उघडा, भाषांतर करून पाहा आणि या तीन गोष्टी तपासा:

– एचएच्या शेवटचा स्टॉप कोडॉन काढला आहे का आणि वाचनचौकट टॅगपर्यंत अखंड जाते का.
– टॅगचा स्वतःचा एटीजी, म्हणजे सुरुवातीचा कोडॉन, शिल्लक आहे का. तो चांगल्या कोझॅक अनुक्रमासह (भाषांतराची सुरुवात सुचवणाऱ्या बेससह) राहिला तर काही रायबोसोम तिथूनच सुरुवात करतात आणि मोकळं जीएफपी तयार होतं.
– ईजीएफपी असेल तर त्यात ए२०६के हा बदल आहे का. साधं ईजीएफपी एकमेकांना हलकंसं चिकटतं. एचए मुळातच त्रिकात असल्याने हा दोष वाढतो, आणि पुंजके हाच तुमचा विषय असेल तर निष्कर्षच बिघडतो.

३. कागदपत्रं

नफा न कमावणारी अ‍ॅडजीन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली संस्था अशा प्लास्मिडांचं सर्वांत मोठं भांडार चालवते. भारतातल्या प्रयोगशाळेने मागवताना साधारण एवढं तयार ठेवावं:

– साहित्य हस्तांतरण करार, म्हणजे एमटीए. त्यावर संस्थेच्या अधिकृत अधिकाऱ्याची सही लागते. मार्गदर्शकांची सही पुरेशी नसते, आणि विद्यार्थ्याची तर मुळीच नाही.
– संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं, आयबीएससीचं, मंजुरीपत्र. भारतात हे काम जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या पुनर्संयोजी डीएनए मार्गदर्शक तत्त्वांखाली येतं. प्रयोग कुठल्या वर्गात बसतो ते समिती ठरवते, तुम्ही परस्पर ठरवू नका.
– पॅकेटमध्ये काय आहे याचं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र: रोग न पसरवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत ठेवलेलं प्लास्मिड, संशोधनासाठी, विक्रीसाठी नाही.
– बीजक आणि खरेदी विभागाची मागणी.

‘इन्फ्लुएन्झा’ हा शब्द दिसला की कुठलंही कार्यालय थबकतं. म्हणून पत्रात ‘यात विषाणू नाही, एका प्रथिनाचं जनुक आहे’ हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. मागणी नोंदवण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या.

पेशीही वेळेत मागवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या पेशी भांडारातून एचईके २९३, एनआयएच ३टी३, एमडीसीके यांसारख्या पेशीवाहिन्या मिळतात. त्यांचा अर्ज वेगळा असतो. प्लास्मिड आणि पेशी साधारण एकाच सुमारास हाती येतील असं पाहा.

४. साहित्य

जिवाणूंसाठी: एलबी अगार, कॅनामायसिन किंवा अँपिसिलिन (प्लास्मिडवर कुठला प्रतिरोध आहे ते पाहून), डीएच५अल्फा पेशी, ग्लिसरॉल, मिनिप्रेप आणि एंडोटॉक्सिन काढणारं मिडिप्रेप किट.

सस्तन पेशींसाठी: डीएमईएम, सीरम, डीएनए पेशींत नेणारं पीईआय किंवा लिपोफेक्टामाइन, तळाला काच असलेल्या ३५ मिलिमीटरच्या डिश, पॉली-लायसिन, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड. डिशची काच ०.१७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे १.५ क्रमांकाची घ्या. साध्या प्लास्टिकच्या डिशमधून ६०एक्स तेलाच्या भिंगाने चांगलं चित्र मिळत नाही.

पडताळणीसाठी: तुमच्या उपप्रकाराच्या एचएच्या बाहेरच्या भागाला ओळखणारी अँटिबॉडी, दूर-लाल रंगाची दुय्यम अँटिबॉडी, जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी, प्रथिन कापणारं टीपीसीके ट्रिप्सिन.

५. स्टॅब आल्यावर

प्लास्मिड सहसा अगारमध्ये खुपसलेल्या जिवाणूंच्या रूपात, साध्या तापमानाला येतं. आल्याबरोबर ४ अंशांवर ठेवा आणि त्याच आठवड्यात प्लेटवर पसरवा. स्टॅब उणे २० अंशांत टाकू नका.

निर्जंतुक लूपने स्टॅबला हलकेच स्पर्श करा, योग्य प्रतिजैविकाच्या प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करा आणि ३७ अंशांवर १६ ते १८ तास ठेवा. कॅनामायसिन मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, अँपिसिलिन १००. अँपिसिलिनच्या प्लेटा जास्त वेळ उबवल्या तर मोठ्या कॉलनीभोवती बारीक उपकॉलन्यांचा घोळका येतो. त्यांत प्लास्मिड नसतं, त्या उचलू नका.

स्टॅबमधून थेट द्रव माध्यमात वाढवण्याचा मोह टाळा. दोन किंवा तीन सुट्या कॉलन्या वेगवेगळ्या नळ्यांत, प्रत्येकी ५ मिली एलबीमध्ये, २०० ते २२० फेऱ्यांवर १४ ते १६ तास वाढवा. त्यातूनच ग्लिसरॉल स्टॉक करा: ५०० मायक्रोलिटर कल्चर आणि ५०० मायक्रोलिटर ५० टक्के ग्लिसरॉल, मग उणे ८० अंश. स्टॉकच्या नळीवर कॉलनीचा क्रमांक घाला, कारण पडताळणीत एखादी कॉलनी बाद ठरू शकते.

प्लास्मिड डीएनएच्या रूपात मिळालं असेल तर १ ते १० नॅनोग्रॅम पुरे. ५० मायक्रोलिटर सक्षम पेशींत मिसळा, ३० मिनिटं बर्फावर, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा २ मिनिटं बर्फावर, मग प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर एक तास. कॅनामायसिन असेल तर हा तास वाचवायला जाऊ नका. प्रतिरोधाचं प्रथिन तयार होण्याआधी पेशी प्लेटवर गेल्या तर मरतात.

६. डीएनए काढणं

पडताळणीला मिनिप्रेप चालतो, ट्रान्सफेक्शनला, म्हणजे डीएनए सस्तन पेशींत घालायला, मिडिप्रेप करा. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन शिल्लक राहिलं की संवेदनशील पेशी कोमेजतात आणि दोष एचएवर जातो.

पेशी फोडणाऱ्या अल्कलीच्या द्रावणानंतर नळी हळुवार उलटसुलट करा, व्होर्टेक्स नको, आणि ५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. जोरात हलवलं तर जिवाणूचा गुणसूत्री डीएनए तुटून प्लास्मिडमध्ये मिसळतो. जास्त थांबलं तर प्लास्मिडच कायमचं विकृत होतं. असा डीएनए जेलवर नेहमीपेक्षा पुढे पळतो आणि एन्झाइमला दाद देत नाही.

२६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६०/२३० हे २ च्या जवळ हवं. दुसरा आकडा १ च्या खाली असेल तर मीठ किंवा ग्वानिडिन राहिलं आहे. इथेनॉलने पुन्हा अवक्षेपित करा.

७. पडताळणी

उदाहरण म्हणून पीईजीएफपी-एन१ या सांगाड्यात एचए बसवलं आहे असं धरू. टॅगसह सांगाडा ४.७ किलोबेस, एचए १.७, एकूण ६.४. एचएच्या दोन्ही बाजूंना कापणाऱ्या एन्झाइमांनी ४.७ आणि १.७ असे दोन बँड यायला हवेत. न कापलेला डीएनए शेजारच्या खड्ड्यात जरूर घाला, नाहीतर अतिवेटोळ्या प्लास्मिडचा बँड पाहून काप पूर्ण झाल्याचा भास होतो.

या सांगाड्यातली एक नेहमीची खोच: ईजीएफपीनंतरची एक्सबीए१ची जागा डीएच५अल्फामधल्या डॅम मिथिलेशनमुळे (डॅम हे एन्झाइम डीएनएला मिथिल गट जोडतं म्हणून) कापली जात नाही. नकाशावर जागा दिसते, एन्झाइम ताजं असतं, तरी बँड जिथल्या तिथे. त्या जागेची खरंच गरज असेल तर डॅम नसलेल्या जिवाणूत प्लास्मिड वाढवा.

सँगर पद्धतीची एक धाव ७०० ते ९०० बेस नीट वाचते. सीएमव्ही फॉरवर्ड आणि ईजीएफपी-एन रिव्हर्स असे दोनच प्रायमर वापरले तर १.७ किलोबेसच्या एचएचा मधला भाग निसटू शकतो, म्हणून आतला एक प्रायमर मागवा. टॅग डेंड्रा२ असेल तर ईजीएफपीचा प्रायमर बसणारच नाही. डेंड्रा२ वेगळ्या प्राण्यातून, एका मऊ प्रवाळातून, आलं आहे आणि त्याचा अनुक्रमही वेगळा आहे. हल्ली संपूर्ण प्लास्मिड नॅनोपोरने वाचून देणारी सेवा मिळते. जमत असेल तर तीच घ्या, प्रायमरची कटकटच संपते.

एचए आणि टॅग यांच्या सांध्यावरचे ५०-६० बेस डोळ्यांनी वाचा. घोळ बहुधा तिथेच निघतो.

८. ट्रान्सफेक्शन

सुरुवातीला एचईके २९३टी घ्या. त्या सहज डीएनए घेतात, पण काचेवरून सुटतात, म्हणून डिशला पॉली-लायसिनचा लेप द्या. चित्रासाठी एनआयएच ३टी३ जास्त चांगल्या, पसरट असतात. एमडीसीकेत थेट उडी मारू नका. इन्फ्लुएन्झाच्या अभ्यासात त्या प्रसिद्ध असल्या तरी पीईआयला फारसा प्रतिसाद देत नाहीत.

३५ मिलिमीटरच्या डिशसाठी:

– आदल्या दिवशी सुमारे ३ लाख पेशी, प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात. दुसऱ्या दिवशी ७० ते ८० टक्के भरलेली डिश हवी.
– सीरम नसलेल्या २०० मायक्रोलिटर डीएमईएममध्ये एकूण २ मायक्रोग्रॅम डीएनए.
– त्यात ६ मायक्रोग्रॅम पीईआय, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचे ६ मायक्रोलिटर. लगेच मिसळा, १५ ते २० मिनिटं तसंच राहू द्या.
– थेंबाथेंबाने डिशभर सोडा. ४ ते ६ तासांनी माध्यम बदला.

दोन मायक्रोग्रॅम सगळंच्या सगळं एचएचं प्लास्मिड घालू नका. अर्धा मायक्रोग्रॅम एचए आणि दीड मायक्रोग्रॅम रिकामं प्लास्मिड, इथून सुरुवात करा. सीएमव्ही प्रमोटर बेफाम चालतो. एचएला ईआरमध्ये घडी पडायला, साखरेच्या साखळ्या लागायला आणि त्रिक जमायला वेळ लागतो. गर्दी झाली की प्रथिन तिथेच तुंबतं. सर्वांत तेजस्वी पेशी म्हणजे बहुधा सर्वांत आजारी पेशी. चित्रासाठी मध्यम चकाकणाऱ्या निवडा आणि १८ ते २४ तासांतच पाहा.

सोबत चार डिश हव्यातच: काहीही न घातलेली, फक्त ईजीएफपी असलेली, टॅग नसलेल्या एचएची आणि टॅग असलेल्या एचएची. पहिली नसेल तर पेशींची स्वतःची चकाकी किती ते कळत नाही.

९. चकाकतंय, पण कुठे?

केंद्रकाभोवती जाळीसारखी चकाकी म्हणजे ईआर. केंद्रकाशेजारी एकवटलेला ठिपका म्हणजे गॉल्जी. पेशीच्या कडेला बारीक तेजस्वी रेघ आणि पटलावरच्या केसासारख्या उंचवट्यांवर चकाकी, हे पृष्ठभागाचं लक्षण. थोडी ईआर आणि गॉल्जी दिसणारच, कारण प्रथिन सतत तयार होत असतं. केंद्रकच चकाकत असेल तर मात्र मोकळं जीएफपी सुटलं आहे. क्रमांक २ मधला एटीजी पुन्हा तपासा.

डोळ्यांवर विसंबू नका, पृष्ठभाग रंगवून बघा. पेशी बर्फावर ठेवा, एचएच्या बाहेरच्या भागाची अँटिबॉडी ३० मिनिटं, थंड पीबीएसने तीनदा धुवा, दूर-लाल दुय्यम अँटिबॉडी ३० मिनिटं, पुन्हा धुवा, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं. ट्रायटन (पटलाला भोकं पाडणारं डिटर्जंट) कुठेही नको, नाहीतर आतलं एचएही रंगेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. मिथेनॉलने स्थिर करू नका, जीएफपीची चकाकी जाते. बर्फ यासाठी की उबदार पेशी अँटिबॉडी आत ओढून घेतात.

त्याच पेशी हिरव्याही आणि रंगलेल्याही दिसल्या तर उत्तम. हिरव्या आहेत पण रंगलेल्या नाहीत, तर एचए आत अडकलं आहे: डीएनए कमी करा, दुव्याची लांबी पाहा, अनुक्रमात बदल आहे का ते पाहा.

१०. वेस्टर्न: बँड वाचताना

टॅग नसलेलं अखंड एचए साधारण ७० ते ७५ किलोडाल्टनला धावतं. सुमारे २७ चा टॅग लागला की १०० च्या आसपास. एच१ आणि एच३ च्या नेहमीच्या एचएमध्ये कापाच्या जागी एकच आर्जिनिन असतं, म्हणून ट्रिप्सिन दिल्याशिवाय बहुतांश एचए अखंड राहतं. ट्रिप्सिन दिलं की एचए१ आणि एचए२ असे दोन भाग होतात.

इथे दोन फसव्या जागा आहेत. एचए१ आणि एचए२ डायसल्फाइड बंधाने जोडलेले राहतात. नमुन्यात हा बंध तोडणारं डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नसेल तर काप होऊनही बँड जागचा हलत नाही. दुसरी अशी की सी-टोकाला टॅग असेल तर एचए२ अधिक टॅग हे वजन एचए१ च्या जवळपास, ५० च्या आसपास येतं. एकाच उंचीवरचे दोन वेगळे तुकडे एकच समजले जातात. एक पट्टी एचए१ च्या अँटिबॉडीने आणि एक जीएफपीच्या अँटिबॉडीने स्वतंत्रपणे तपासा. जीएफपीच्या पट्टीवर २७ ला जाड बँड दिसला तर ते मोकळं जीएफपी.

प्रथिन गॉल्जीपर्यंत परिपक्व झालं का हे एंडो एच (साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम) सांगतं. ईआरमधल्या एचएच्या साखळ्या तो कापतो आणि बँड खाली सरकतो. गॉल्जीत साखळ्यांचं रूप बदललं की त्यातल्या बऱ्याच त्याला दाद देत नाहीत. पीएनजीएज एफ मात्र दोन्ही कापतो, म्हणून तो शेजारी हवाच.

११. एचए म्हणून काम करतंय का

सर्वांत स्वस्त चाचणी रक्तपेशींची. अर्धा टक्का कोंबडीच्या किंवा गिनिपिगच्या लाल रक्तपेशी पीबीएसमध्ये घ्या, डिशवर ३० मिनिटं ठेवा, हलक्या हाताने धुवा. चकाकणाऱ्या पेशींवर रक्तपेशी चिकटलेल्या दिसल्या पाहिजेत. अलीकडच्या एच३एन२ वाणांचं एचए कोंबडीच्या रक्तपेशींना नीट धरत नाही, त्यांच्यासाठी गिनिपिगच घ्या.

रक्तपेशी चिकटल्याच नाहीत तर लगेच प्लास्मिडला दोष देऊ नका. इथे न्युरामिनिडेज, म्हणजे एचए ज्याला धरतं ते सायलिक आम्ल काढून टाकणारं विषाणूचं एन्झाइम, नाही. एचएवरच्या आणि शेजारच्या प्रथिनांवरच्या सायलिक आम्लाने एचएची पकडच व्यापलेली असू शकते. पेशींना आधी बाहेरून जिवाणूजन्य न्युरामिनिडेज द्या, नीट धुवा आणि मगच रक्तपेशी घाला. धुणं अपुरं राहिलं तर तेच एन्झाइम रक्तपेशींवरचं सायलिक आम्लही काढून टाकतं आणि पकडायला काही उरत नाही.

१२. टॅग डेंड्रा२ असेल तर

डेंड्रा२ आधी हिरवं असतं (उत्तेजन ४९०, उत्सर्जन ५०७ नॅनोमीटर) आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने कायमचं लाल होतं (५५३ आणि ५७३). त्यामुळे शेजारी एमचेरी किंवा लाल दुय्यम अँटिबॉडी वापरता येत नाही, दूर-लालच घ्यावी लागते.

डिश ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून न्या. तीव्र ४८८ लेझरनेही रूपांतर होतं, म्हणून जागा शोधताना तो शक्य तितका मंद ठेवा. डीएपीआय आणि होएक्स्ट हे केंद्रक दाखवणारे रंग या कामात टाळा: ते पाहण्यासाठी लागणारा जांभळा प्रकाशच डेंड्रा२ला लाल करतो. ४०५ देण्याआधी लाल वाहिनीत एक चित्र काढून ठेवा. त्यात जे दिसेल ते आधीच रूपांतरित झालेलं किंवा पेशीचं स्वतःचं आहे, आणि पुढच्या मोजणीतून ते वजा करावं लागतं.